गर्भिणीचा मधुमेह : ओळख पटण्याची हकिगत

रोगांनाही इतिहास असतो. राजे, लढाया आणि तह यांचा इतिहास आम्ही महाविद्यालयात शिकवतो. परंतु एखादा रोग माणसाला कसा उमगत गेला, तो उमगायला किती पिढ्या गेल्या आणि तेवढ्या काळात किती घरांत पाळणे रिकामे राहिले, ही हकिगत बहुधा वैद्यकाच्या पुस्तकांत पडून राहते. आज तशीच एक हकिगत सांगायची आहे. मी वैद्य नव्हे, इतिहासाचा शिक्षक आहे. तेव्हा औषध सांगणे हे माझे काम नाही.

मावळातल्या एखाद्या आरोग्य केंद्रात गरोदर बायांच्या तपासणीच्या दिवशी गेलात, तर एक दृश्य हमखास दिसेल. पवन मावळातून, आंदर मावळातून, नाणे मावळातून आलेल्या बाया बाकावर बसलेल्या असतात आणि प्रत्येकीच्या हातात साखरेच्या पाण्याचा पेला असतो. तो पाचदहा मिनिटांत संपवायचा आणि दोन तास थांबायचे. कुणाला मळमळते, कुणाची एसटी चुकते, कुणाची सासू कुरकुरते. "आमच्या घरात कुणाला साखर नाही, हिला कुठून होईल? बघा की, कशी काडीसारखी आहे!" आशाताई समजावतात, "मावशी, काडीसारखीलाही होते हो. दोन तासांचा तर प्रश्न आहे."

या दोघींच्या बोलण्यात दोनशे वर्षांचा वाद भरलेला आहे. आशाताईंचे म्हणणे बरोबर ठरायला किती काळ जावा लागला, ते आता पाहू.

मधुमेह हा रोग आपल्याकडे फार जुना. चरक आणि सुश्रुत या दोघांच्याही संहितांत त्याचे वर्णन आहे. मूत्राला मधासारखी गोडी येते आणि मुंग्या लागतात, हे त्या काळच्या वैद्यांनी पाहून ठेवले होते. सुश्रुताने तर रोग्यांचे दोन वर्ग केले : एक जन्मापासून प्रवृत्ती घेऊन आलेला, अंगाने कृश, आणि दुसरा अपथ्यामुळे रोग ओढवून घेतलेला, स्थूल. कृश माणसालाही मधुमेह होतो हे इतक्या जुन्या काळी लिहून ठेवले गेले, आणि आपण मात्र आजही म्हणतो की जाड माणसाचा हा रोग! असो. गर्भिणीचा मधुमेह म्हणून वेगळी ओळख मात्र जुन्या काळी पटलेली दिसत नाही. त्याचे कारणही उघड आहे. हा रोग बहुधा दुखत नाही, खुपत नाही. तहान जास्त लागली, लघवीला वारंवार जावे लागले, तर बाई म्हणते, पोटुशीपण आहे, चालायचेच. आणि बाळंतपण झाले की रोग बहुतेकदा आपोआप दिसेनासा होतो. चोर येऊन गेला, पण कडी जागच्या जागी. मग तक्रार कोण करणार?

पहिली स्पष्ट नोंद सापडते ती १८२४ सालची, जर्मनीतल्या बर्लिन शहरातली. बेनेविट्झ नावाच्या तरुण डॉक्टराने आपल्या पदवीच्या प्रबंधात एका गरीब बाईची हकिगत लिहिली. ती पाचव्या खेपेची गरोदर होती. तिची तहान भागता भागत नव्हती आणि मूत्रात साखर सापडत होती. तिला मूल झाले ते बारा पौंडांचे, म्हणजे जवळजवळ साडेपाच किलोचे. ते वाचले नाही. मात्र बाळंतपणानंतर आईच्या मूत्रातली साखर नाहीशी झाली. बेनेविट्झने निष्कर्ष काढला की हा रोग गरोदरपणाचेच एक लक्षण असावा. एका रोग्यावरून एवढे म्हणणे धाडसाचे होते, पण मुद्दा नेमका होता : गरोदरपणात आला, बाळंतपणानंतर गेला, आणि बाळ प्रमाणाबाहेर मोठे झाले. या तीन खुणा आजही तशाच आहेत.

यानंतर साठ वर्षे फारशी हालचाल नाही. १८८२ साली मॅथ्यूज डंकन या स्कॉटिश प्रसूतितज्ज्ञाने मधुमेही स्त्रियांच्या बावीस गरोदरपणांची माहिती गोळा करून लंडनच्या डॉक्टरांपुढे मांडली. त्यांतल्या कित्येक माता बाळंतपणात किंवा पुढच्या थोड्या काळात दगावल्या होत्या आणि पोटातच मेलेल्या मुलांची संख्याही मोठी होती. डॉक्टरांपाशी तेव्हा उपाय काहीच नव्हता. दिसणारा रोगही टोकाला गेलेलाच असे. सौम्य रोग कुणी शोधतच नव्हते, मग तो सापडणार कुठून?

त्याच काळात आपल्याकडे काय होते? १८८६ साली कल्याणची मुलगी, डॉ. आनंदीबाई जोशी, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून एम. डी. झाली. तिच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. हा विषय तिने उगीच निवडला नव्हता. चौदाव्या वर्षी तिला मूल झाले होते आणि ते दहा दिवसांत गेले होते. ती परत आली आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, बाविसावे वर्ष पुरे होण्याआधी, पुण्यात वारली. तिच्या हातून इथल्या बायांची सेवा व्हायची राहून गेली. त्यानंतरही कितीतरी वर्षे आपल्या खेड्यांत बाळंतपण सुईणीच्या हाती होते. सुईणींना मी नावे ठेवणार नाही. अनेकींचा हात कुशल होता. पण रक्तातली साखर हाताला लागत नाही.

१९२१-२२ साली कॅनडातल्या टोरांटो शहरात इन्सुलिनचा शोध लागला आणि सगळे चित्र पालटले. जानेवारी १९२२ मध्ये एका चौदा वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचले गेले. ज्या मधुमेही मुली पूर्वी वयात येण्याआधीच मरत, त्या जगू लागल्या, त्यांची लग्ने झाली, त्यांना दिवस राहू लागले. बोस्टनमध्ये डॉ. प्रिसिला व्हाइट या बाईंनी अशा मातांची काळजी घेण्यात सारी हयात घालवली. आई वाचू लागली. तरी बाळे मात्र दगावत होती, नाहीतर भलतीच मोठी होऊन अडत होती. असे का व्हावे?

याचे उत्तर डेन्मार्कमधल्या पेडरसन यांनी १९५२ च्या सुमारास मांडले. ते इतके सोपे आहे की शिक्षकमंडळींना वर्गात फळ्यावर काढून दाखवता येईल. आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे जाते. आईचे इन्सुलिन मात्र वारेतून जात नाही. म्हणजे आईच्या अंगात साखर वाढली की बाळाला जास्त साखर मिळते, पण ती आवरायला लागणारे इन्सुलिन बाळाला स्वतःच्याच स्वादुपिंडातून तयार करावे लागते. बाळ ते भरपूर तयार करते. इन्सुलिन हे वाढीचेही रसायन आहे; त्यामुळे बाळ चरबीने फुगते, खांदे रुंद होतात आणि बाळंतपणात अडते. पुढे नाळ कापली की साखरेचा पुरवठा एकदम बंद होतो. बाळाचे इन्सुलिन मात्र चालूच असते. त्यामुळे जन्मल्यावर काही तासांत बाळाच्याच रक्तातली साखर धोकादायक इतकी खाली उतरते. आपल्याकडे चार-साडेचार किलोचे बाळ झाले की सारी आळी बघायला येते, "काय गुटगुटीत आहे हो!" म्हणते. कौतुक जरूर करावे, पण आईची साखर तपासली होती का, हेही विचारावे.

आता प्रश्न उरला तो ओळखायचे कसे याचा. शाळेच्या प्रयोगशाळेत फेलिंगचे द्रावण आपण सर्वांनी पाहिले आहे. निळे द्रावण साखरेबरोबर उकळले की विटकरी होते. मूत्रावर हाच प्रयोग डॉक्टर वर्षानुवर्षे करीत. पण गरोदरपणात ही परीक्षा फसवी ठरते. त्या दिवसांत मूत्रपिंडातून थोडी साखर एरवीही झिरपते. तेव्हा निरोगी बाईच्या मूत्रात साखर दिसू शकते आणि रोगी बाईच्या मूत्रात ती दिसेलच असे नाही. रक्तच तपासायला हवे. आणि तेही केव्हा? उपाशीपोटी अनेकदा ते ठीक दिसते. शरीरावर साखरेचा भार टाकावा आणि ते तो भार कसा उचलते हे पाहावे, ही युक्ती म्हणून पुढे आली. बैलाची ताकद तो गोठ्यात उभा असताना कळत नाही. गाडी जुंपून चढावर घातली की कळते.

१९६४ साली बोस्टनचे डॉ. ओसलिव्हन आणि संख्याशास्त्रज्ञ क्लेअर महान यांनी ७५२ गरोदर स्त्रियांना साखर पाजून, ठराविक वेळाने रक्त तपासून, किती आकड्यावर रोग म्हणायचे याच्या सीमा आखल्या. या कामातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या सीमा त्यांनी बाळाच्या धोक्यावरून ठरवल्या नव्हत्या. त्या बाईला पुढे आयुष्यात मधुमेह होण्याच्या संभवावरून ठरवल्या होत्या. म्हणजे गरोदरपण ही आईच्या शरीराची जणू आगाऊ परीक्षाच झाली. ज्या बाईला गरोदरपणात मधुमेह होतो, तिला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतर बायांच्या सात ते दहा पट असतो, हे पुढच्या संशोधनांतून दिसून आले.

बाळाचा हिशेब मांडायला बराच उशीर झाला. नऊ देशांतल्या सुमारे पंचवीस हजार गर्भिणींचे एक मोठे संशोधन २००८ साली प्रसिद्ध झाले. त्यात दिसले की आईची साखर जसजशी चढते तसतसा धोका चढत जातो. अमुक आकड्याखाली अजिबात भय नाही, अशी रेघच सापडली नाही. त्याआधी, २००५ साली, ऑस्ट्रेलियातल्या हजार स्त्रियांवरच्या संशोधनाने दुसरी शंका फेडली होती. रोग ओळखून उपचार केले तर खरोखर फायदा होतो का? ज्यांच्यावर नेहमीसारखेच लक्ष ठेवले त्यांच्या शंभरांतल्या चार बाळांना गंभीर इजा झाली किंवा ती दगावली. ज्यांना आहार, साखरेची तपासणी आणि लागेल तिथे इन्सुलिन दिले, त्यांच्या शंभरांत एकालाच. तीन बाळांचा फरक. आकडा लहान वाटेल, पण तो एखाद्या गावाच्या पटावर मांडून पाहा.

आपल्या देशात या कामाला नेट लावला तो मद्रासच्या डॉ. व्ही. शेषय्या यांनी. त्यांची अडचण आपल्या मावळाचीच होती. पाश्चात्य पद्धतीत बाईने रात्रभर उपाशी राहून यायचे आणि तीन-चार वेळा रक्त द्यायचे. डोंगरातून पहाटे निघणाऱ्या पोटुशीला उपाशी कसे आणायचे? आणि एकदा परत पाठवलेली बाई पुन्हा येते कशाला? म्हणून शेषय्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोपी रीत पुढे आणली. बाई जेवून आलेली असो की नसो, तिला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यायचे आणि दोन तासांनी एकदाच रक्त पाहायचे. आकडा १४० किंवा त्याहून वर गेला तर गर्भिणीचा मधुमेह समजायचा. तामिळनाडू सरकारने २००७ साली ही तपासणी प्रत्येक गर्भिणीसाठी सक्तीची केली. केंद्र सरकारने २०१४ साली देशभरासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०१८ साली त्या सुधारल्या. त्यांप्रमाणे पहिली तपासणी नाव नोंदवतानाच करायची, आणि ती ठीक आली तरी चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात, म्हणजे सहावा-सातवा महिना चालू असताना, दुसरी. काही पंडितांना ही सोपी रीत पुरेशी काटेकोर वाटत नाही, उपाशीपोटीची तपासणी हवी असे ते म्हणतात. त्यांचे म्हणणे शास्त्राच्या दृष्टीने खोटे नाही. पण जी तपासणी होतच नाही तिच्या काटेकोरपणाचा उपयोग काय, असे माझ्यासारख्या सामान्य माणसाला वाटते.

आता सासूबाईंच्या प्रश्नाकडे येऊ. काडीसारखीला साखर कशी? याचे उत्तर आपल्याच पुणे जिल्ह्याने साऱ्या जगाला दिले. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे नाव डॉ. बानू कोयाजी यांच्यामुळे खेडोपाडी पोहोचले होते. वढूच्या परिसरातले त्यांचे काम पुष्कळांना ठाऊक असेल. १९९३ साली त्यांना मॅगसेसे पारितोषिक मिळाले. त्याच साली त्याच रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यापासून काही मैलांवरच्या सहा खेड्यांत एक विलक्षण उपक्रम सुरू केला. गावातल्या विवाहित बायांची नोंद ठेवायची; दिवस राहिले की खाणे, काम, वजन, रक्त सगळे मोजायचे; आणि जन्मलेल्या मुलाला वर्षानुवर्षे तपासत राहायचे. माता शेतकरी घरांतल्या, अंगाने बारीक, वजनाने सरासरी बेचाळीस किलोच्या आसपास. बाळेही लहान, सरासरी पावणेतीन किलोपेक्षा थोडी कमी. इंग्लंडातल्या साउदम्प्टन गावची बाळे साडेतीन किलोची. दोन्हींची तुलना केली तेव्हा दिसले ते असे, की आपल्या बाळांचे स्नायू पुष्कळ कमी होते, पण कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसायला हडकुळे, आतून चरबी राखून असलेले बाळ! डॉ. याज्ञिक यांनी पुढे २००४ साली आपला आणि आपल्या ब्रिटिश मित्राचा फोटो एका नामांकित नियतकालिकात छापला. उंचीच्या मानाने वजनाचा दोघांचा आकडा एकच, २२.३; पण त्या मित्राच्या अंगात नऊ टक्के चरबी आणि याज्ञिकांच्या अंगात एकवीस टक्के. काट्यावर दोघे सारखे. फरक होता तो आत.

म्हणून आपल्याकडच्या बाईचे वजन पाहून निश्चिंत होता येत नाही. त्याच सहा गावांतली मुले अठरा वर्षांची झाली तेव्हा पुन्हा तपासली गेली. जवळजवळ निम्मी मुले प्रमाणापेक्षा हडकुळी होती. तरीही मुलग्यांपैकी सदतीस टक्के आणि मुलींपैकी अठरा टक्के यांच्या रक्तातली साखर सामान्यपेक्षा चढलेली आढळली. या मुली आता लग्नाच्या, लेकराबाळांच्या वयाच्या आहेत.

याच संशोधनातली आणखी एक गोष्ट गृहिणींच्या कामाची आहे. या मातांपैकी दोन तृतीयांश जणींच्या रक्तात ब-१२ हे जीवनसत्त्व कमी होते. ते दूध, दही, अंडी, मांस, मासळी यांतून मिळते; भाजीपाल्यातून मिळत नाही. ज्या मातांमध्ये ब-१२ कमी आणि फॉलिक आम्ल भरपूर होते, त्यांच्या मुलांची शरीरे सहाव्या वर्षीच इन्सुलिनला नीट दाद देत नव्हती. याचा अर्थ फॉलिकच्या गोळ्या टाकून द्याव्यात असा मुळीच नाही. त्या घ्यायलाच हव्यात. पण घरातले दूध डेअरीला घालून पोटुशीच्या वाट्याला कोरा चहा येत असेल, तर तो हिशेब पुन्हा मांडायला हवा.

मावळाचे खाणे-काम कसे पालटले, हेही इतिहासाचेच प्रकरण. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे चढली, २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाला, मध्यंतरी तळेगावाकडे कारखाने आले. डोंगरउतारावर राब भाजून नाचणी-वरई पेरायची, खाचरात आंबेमोहोर लावायचा आणि उखळात कांडून खायचा, हा एके काळचा क्रम. १९८७ साली आंबेमोहोर आणि आय. आर. ८ यांच्या संकरातून इंद्रायणी तांदूळ निघाला, तो याच वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात. उत्पन्न वाढले, चार पैसे हाती आले, ही आनंदाचीच गोष्ट. पण गिरणीतून पांढराशुभ्र होऊन आलेला भात दोन्ही वेळा ताटभर, आणि नाचणी मात्र आजारी माणसापुरती, असे झाले. लोणावळ्याची चिक्की पाहुण्यांसाठी असते, घरी रोज खाण्यासाठी नव्हे, एवढे मावळकरांना सांगायला नको.

तरी जुन्या काळाचे गोडवे गाणाऱ्यांना एक सांगितले पाहिजे. ज्या माता शेतातले जड काम आणि पाणी वाहणे गरोदरपणात शेवटपर्यंत करीत राहिल्या, त्यांची बाळे आणखी लहान जन्मली, असेही त्या सहा गावांत दिसले. तेव्हा डोक्यावर हंडा हा काही व्यायाम नव्हे. डॉक्टरांनी मना केले नसेल तर रोज अर्धा तास मोकळे चालणे, थोडे थोडे पण वेळेवर खाणे, भाताच्या जोडीला डाळ, उसळ, पालेभाजी, आणि गूळ-साखर-सरबत बेताने. गर्भिणीचा मधुमेह ठरला, तर आधी दोन आठवडे आहार आणि हालचाल यांवरच भर देतात. जेवणानंतर दोन तासांनी साखर १२० च्या खाली राहिली तर पुष्कळ जणींना औषध लागतच नाही. न राहिली तर गोळी किंवा इन्सुलिन. इन्सुलिनची सुई नाव घेताच घरात रडारड होते. पण ते वारेतून बाळाकडे जात नाही, हे आपण मघाशी पाहिलेच. उपाशी राहणे मात्र औषध नव्हे. साखरेच्या धास्तीने पोटुशीला अर्धपोटी ठेवणारी घरेही आहेत, आणि ते बाळाच्या मुळावर येते.

डोहाळजेवणाचे काय, असे कुणी विचारील. खुशाल करा. मुलीची ओटी भरा, फुलांची वाडी भरा. पाच पक्वान्ने मात्र तिच्या एकटीच्या ताटात वाढण्याऐवजी घरादाराने वाटून घ्या. बाळंतिणीचे डिंकाचे आणि अळिवाचे लाडू चांगलेच. गूळ किती घालायचा ते डॉक्टरांना विचारून.

आपली एक रूढी मात्र या तपासणीच्या आड येते. पहिले बाळंतपण माहेरी. मुलीचे नाव नोंदलेले असते सासरी, पवनेच्या काठी. सातव्या महिन्यात ती जाते जुन्नरला नाहीतर घाटाखाली कर्जतला. दुसरी तपासणी नेमकी या जाण्यायेण्यात हुकते. सासरच्या ताईंना वाटते माहेरी झाली असेल, माहेरच्यांना वाटते सासरी झाली असेल. निघताना कपड्यांबरोबर तपासणीचे कार्डही पिशवीत घालावे आणि माहेरी पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यात तिथल्या केंद्रात दाखवावे. ज्या बाईला गरोदरपणात मधुमेह निघाला, तिची बाळंतपणानंतर सहाव्या आठवड्यात पुन्हा तपासणी करायची असते, आणि ही तर सर्वांत जास्त चुकते. बाळ सुखरूप आहे, आता आईला कोण विचारतो! बाळाला दीड महिन्याची लस टोचायला न्यायचेच असते. त्याच सकाळी आईने काही न खाता लवकर निघावे, उपाशीपोटीचे रक्त द्यावे, पेला घ्यावा, आणि ते दोन तास बाळाला मांडीवर घेऊन तिथेच बसावे. बरोबर आलेल्या आजीने डब्यात तिची भाकरी-भाजी न्यावी.